चंदाच्या वाट्याची गल्ली

रविकांत डाक्टरच्या जीपमंदी मांगच्या शिटावर एक मानूस बसलेला राहे, अन् तो मानूस पोत्याचा होता. सरकीच्या पोत्यात कापूस दाबून भरलेला, छातीच्या जाग्यावर सायकलचा ट्यूब फुगवून ठेवलेला, वरतून डाक्टरचाच जुना सदरा. एका गावात पोट्ट्यायनं कोयशानं त्याले मिशा काढल्या, तवापासून त्याचं नाव पोतेराव पडलं. गावात जीप आली का पयले पोतेराव खाली उतरे, मंग डाक्टर. लोक म्हनत, "आले बाप्पा, सायेब अन् सायबाचे सायेब."

पोतेरावले जमिनीवर उताना निजवाचं, अन् डाक्टर इचारे, "हा आत्ता पडला. श्वास नाही. गाडी यायला किती वेळ लागेल?"

कोनी म्हने पाऊन घंटा, कोनी म्हने एक घंटा.

"आणि हा किती वेळ थांबेल?"

मंग तो दोन्ही पंजे पसरून दहाई बोटं दाखवे. "दहा मिनिटं. माणसाच्या अंगात दहा दिवे आहेत असं समजा. छाती बंद पडली की एका मिनिटाला एक विझतो. गाडी येते तेव्हा अंधार असतो. हे दहा दिवे डॉक्टरच्या हातात नाहीत. शेजाऱ्याच्या हातात आहेत."

हे दहा दिवे तो तीस वर्सं सांगत फिरला. बार्शीटाकळीकडं सांगतले, मूर्तिजापूरकडं सांगतले, तेल्हाऱ्याकडं सांगतले. अन् त्याच्या मांगं एक गोठ होती, थेबी सांगे.

मूयचा तो अमरावतीचा. अंबापेठेत घर, आजा भिक्षुकी करे, बाप शायेत गनिताचा मास्तर. रविकांत नागपूरले डाक्टरकी शिकून राह्यला होता, तिसऱ्या वर्साले. वैशाखाच्या सुट्टीत घरी याले निंगाला, त बाप त्याले घ्याले अमरावतीच्या बसस्टँडवर आला. भर दुपार. मास्तर तितंच पडले. लोकायनं काई कमी नाई केलं. कोनी कांदा फोडून नाकाले लावला, कोनी चप्पल हुंगवली, कोनी तयपाय घासले, एका बाईनं तांब्यानं तोंडात पानी ओतलं. छातीवर मात्र कोनी हात ठेवला नाई, कारन थे कोनाले माईतच नोतं. रविकांत बसमधून उतरला तवा सारं होऊन गेलं होतं. असं तो सांगे.

मंग त्यानं ठरवलं का मोठा दवाखाना टाकाचा नाई, खेड्यात जाऊन शेजाऱ्यायलेच शिकवाचं.

लग्न झालं कुंदासंग. कुंदाचा बाप अमरावतीचा वकील. त्यानं जावयासाठी जागा पाह्यली होती, दवाखान्याची पाटीबी रंगवून ठेवली होती. जावई सरकारी नौकरी धरून खेड्यात जाऊन बसला. पाटी माळ्यावर गेली. कुंदा अकोल्यात घर करून राह्यली, शायेत शिकवे, पोराले, केयूरले, एकटीनंच वाढवलं. तिचं तोंड तिखट, पर बोले थे खरं बोले. पाहुन्यायले सांगे, "आमच्या घरी तीन माणसं. मी, केयूर आणि पोतेराव. आमचे हे येऊन-जाऊन असतात."

डाक्टर हासे. त्याले वाटे, एक दिवस असा येईन का कुंदाले आपून म्हनू, पाय, हा मानूस आपल्या शिकवन्यानं उठून बसला. तसं थोडंबहुत झालंबी. बार्शीटाकळीकडं एक जन फवारनी करता करता वावराच्या धुऱ्यावर पडला, त शिकलेल्या बाईनं त्याचे कपडे काढले, आंग धुतलं, कुशीवर निजवला, अन् तो वाचला. साप डसलेले दोघं-तिघं मांत्रिकाच्या घरी न जाता सिद्दे दवाखान्यात पोचले. पर बंद पडलेली छाती पुन्हा चालली, असं एकाई गावात झालं नाई. पोतेरावच्या छातीवर हजारो हात पडले. खऱ्या मानसाच्या छातीवर एकई पडला नाई. हे त्याले आतून खाये.

मंग कोरोना आला. त्या दोन वर्सात ह्याच बायायनं घरोघर जाऊन बोटाले यंत्र लावलं, श्वास मोजले, लोकायले दवाखान्यात ढकललं. मोठे सायेब खूश झाले. म्हनाले, डाक्टर, तुमचं काम एक्केचाळीस गावात करा. त्याच्या नौकरीचे तीनच वर्स राह्यले होते. डोक्यावरचे केस उडाले होते, गुडघे दुखत, पर तो पोट्ट्यावानी कामाले लागला. त्यानं नवीन पद्धत काहाडली. गल्ली तिथं एक मानूस. ज्या गल्लीत बाई राहते, थेच तिची गल्ली. एकई पाऊल जास्ती चालाचं काम नाई.

अन् इथंच सारं बिघडलं.

सावरझरी म्हनून तेल्हाऱ्याकडलं गाव. काई मोठं नाई, सात गल्ल्या, मारुतीचं देऊय अन् त्याच्या बाजूले समाजमंदिर. तीन दिसाचं शिकवनं ठेवलं. मानसं पयल्या दिसी फोटोपुरते आले अन् वावरात काम हाय म्हनून गेले. बाया राह्यल्या. पोतेरावले मधात निजवला.

"मायबाई, याले त मिशा हायेत वं!"

"त का झालं? तुह्या सासऱ्यालेबी हायेत."

"सासऱ्याले? त्यायच्या खाटेलेबी हात नाई लावला म्या आजवर, मिशीचं काय घेऊन बसली!"

साऱ्या तोंडाले पदर लावून हासल्या. डाक्टरबी हासला. हासला अन् म्हनाला, "चला, रांगेत या."

त्या बायायमंदी चंदा होती. चाळिशीची, काटक. नवरा चंद्रभान, त्याच्यावर वावरात ईज पडली त्याले आठ वर्सं झाले. एक पोरगी, आकांक्षा, थे मूर्तिजापूरले नर्सिंग शिके. चंदा गावभर लोकायची हयद-मिरची कांडे. मुसय हातात राहून राहून तिच्या मनगटाले एक ठेका बसला होता. तिनं पोतेरावच्या छातीवर हात ठेवले, कोपर सरय केले, अन् असा दाब देल्ला का डाक्टर घड्याय पाहातच राह्यला. एका मिनिटाले एकशे आठ. पुन्हा केलं, एकशे आठ.

"चंदा, तुझा हात म्हणजे घड्याळ आहे."

"हात कायचा साहेब, मुसय हाय थे."

"मी तीस वर्षं हाच हात शोधतोय," तो म्हनाला, अन् त्याचे डोये भरले. बायायनं एकमेकीकडं पाह्यलं. डाक्टर पोत्यासाठी रडते, असं त्यायले वाटलं.

तिसऱ्या दिसी त्यानं पुठ्ठ्यावर गावाचा नकाशा काहाडला. गल्लीगल्लीत नाव लिवलं. हरेक बाईले औषधपट्टीची एक लाल थैली देल्ली, अन् सेकंदाचा काटा असलेलं मनगटी घड्याय. "पडलेला माणूस दिसला की आधी घड्याळ पाहायचं," त्यानं बजावलं. मारुतीच्या देवयामांगची गल्ली, नऊ घरं, तिथं चंदाचं नाव.

चतुराबाई म्हनून गावची म्हातारी सुईन होती, कोनासमोर न भेनारी. थे उठली.

"साहेब, चंदीले वरची गल्ली द्या. वरच्या गल्लीतली अथी आना."

"का हो चतुराबाई? भांडण आहे का?"

"भांडन कायचं वो."

"मग?"

चतुराबाईनं चंदाकडं पाह्यलं. चंदा खाली मान घालून घड्यायाचा पट्टा बांधून राह्यली होती.

"असंच," चतुराबाई म्हनाली.

"वरची गल्ली दोनशे पावलं लांब आहे. दोन मिनिटं. दोन दिवे, चतुराबाई!" डाक्टरनं दोन बोटं दाखवले. चतुराबाई बसली.

आता थे नऊ घरं कोनाचे? नवई चंदाच्या भावकीचे. त्यातला पयला तिचा भासरा, महादेवराव, म्हनजे नवऱ्याचा मोठा भाऊ. दोघायचं आंगन एकच. बाकीच्या आठ घरात चुलतसासरे, चुलतभासरे. भासऱ्याले सून शिवत नाई. त्याच्यासमोर बोलत नाई, उघड्या डोक्यानं येत नाई, त्याच्या सावलीवर पाय देत नाई. महादेवराव आंगनात पाय ठेवाच्या आंधी खाकरे. थे खाकरनं आइकलं का चंदा हातातलं काम टाकून घरात जाये. मानूस देव होता. भाऊ गेल्यावर चंदाच्या घरची कोठी त्यानं कधी रिकामी पडू देल्ली नाई. पोरीले शिकवा म्हनून तोच अडून बसला. पर वीस वर्सात दोघायनं एकमेकाचं तोंड समोरून पाह्यलं नोतं. त्याले काई सांगाचं असलं त तो भिंतीले सांगे, "आकांक्षाच्या मायले म्हना, ज्वारी आनली," अन् चंदा घरातून बांगड्या वाजवे.

हे वऱ्हाडातल्या कोन्याई सुनेले सांगा लागत नाई, म्हनूनच थे कोनी सांगत नाई. अन् डाक्टर अंबापेठेतला. त्याच्या घरी हे आजीच्या काळातच संपलं होतं. तीस वर्सं तो खेड्यात फिरला, पर लोकायच्या ओसरीवर. आतल्या आंगनात कोन कोनाच्या समोरून बाजूले होते, हे ओसरीवरून दिसत नाई.

एक्केचाळीस गावं झाले. हरेक गावात त्यानं सुनेले तिच्याच सासरच्या गल्लीत बांधलं.

मे महिना होता, दुपारचे दोन. अकोल्यात गेले आठ दिस दुपारचा पारा सेहेचाळीसच्या खाली उतरला नोता. डाक्टर अकोल्यात मोठ्या सायबायच्या बैठकीत उभा होता. भिंतीवर पडदा, पडद्यावर सावरझरीचा नकाशा, हातात काठी. नेमका देवयामांगच्या गल्लीवर काठी ठेवून तो बोलून राह्यला होता अन् खिशातला फोन वाजला. चंदाचं नाव पाहून त्यानं उचलला.

"साहेब, पडले."

"कोण?"

"महादेवराव. तेल्हाऱ्याहून आले, फटफटी लावली अन् आंगनात पडले."

"श्वास?"

"घोरल्यावानी एकदा केलं. आता नाई."

"गाडीला फोन केलास?"

"केला. पाऊन घंटा म्हनते."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? सुरू कर! फोन खाली ठेव, आवाज मोठा कर, मी इथेच आहे."

डाक्टरनं फोन कानाले दाबला. त्याले मोजनं आइकाचं होतं. एक, दोन, तीन. तीस वर्सं त्यानं ह्याच आवाजाची वाट पाह्यली होती. आवाज आला नाई.

"चंदा, मोज! मला ऐकू येत नाही."

"साहेब, थे भासरे हायेत."

"ऐकलं मी! भासरे असोत नाही तर कोणी असोत. छाती मोकळी कर, हात ठेव."

तिकडून एका बाईचं किंचायनं. थे पौर्णिमा, महादेवरावची बायको. "शिवू नोको वं त्यायले! डोक्यावर पदर घे! मानसं बलवा, कोनी मानसं बलवा!" मानसं कुठून येतीन? भावकीतलं लगन होतं, सारी गल्ली वऱ्हाडात गेली होती.

"जाऊबाई, तुमी दाबा," चंदाचा आवाज. "मी मोजतो, तुमी दाबा. हात द्या अथी. असा. जाऊबाई, अवं दाबा ना!" अन् पौर्णिमाचं नुसतं रडनं, अन् बांगड्या फुटल्याचा आवाज.

डाक्टरले काईच समजून नाई राह्यलं. एकशे आठचा हात त्या आंगनात हाय, पडलेला मानूस दोन हातावर हाय, अन् मधात काय हाय? त्याचा तोल गेला. एवढ्या सायबायसमोर तो फोनमंदी वरडला, "हात ठेव ना! तुझ्यामुळे मरेल तो!"

मंग एक खस्सकन आवाज आला, सदरा फाटल्यावानी. अन् मोजनं सुरू झालं. एक, दोन, तीन, चार.

ठेका बरोबर होता. एकशे आठ. चतुराबाई धावत आली, तिनं पौर्णिमाले धरलं. चंदानं एकटीनं, भर उन्हात, तापलेल्या आंगनात गुडघे टेकून बेचाळीस मिनिटं दाबलं. डाक्टर बैठकीतून बाहीर निंगाला, व्हरांड्यात भुईवर बसला, अन् फोनची बॅटरी संपेपर्यंत मोजनं आइकत राह्यला. गाडी आली. महादेवराव गेले होते.

रात्री दवाखान्यातून आनून आंग धुवाले घेतलं त छाती कायीनियी, दोन बरगड्या मोडलेल्या. एवढं दाबल्यावर थे मोडतेच, डाक्टरनं शिकवतानाच सांगतलं होतं. पर थे शिकलेल्या बायायले. भावकीले कोन सांगन? सकायी गावात एकच बोली होती. चंदी भासऱ्याच्या छातीवर बसली. त्यायचा सदरा फाडला. त्यायची छाती मोडली. जीव होता, तिनं मारला.

तेरवीले तिले बलावलं नाई. चौदाव्या दिसी पौर्णिमानं आंगनात मधोमध कपाशीच्या पऱ्हाट्याचा कुड घातला. पान्याचा नय त्या बाजूले राह्यला. चंदा देवयाच्या हापशीवरून पानी आने, अन् ती आली का बाकीच्या बाया गुंड भरलेली नसली तरी उचलून जात. महिन्याभरात तिनं घराले कुलूप लावलं अन् पोरीपाशी मूर्तिजापूरले निंगून गेली.

कुड घातला त्याच दिसी डाक्टर पौर्णिमाले समजवाले गेला होता. ती दाराच्या आडून बोलली. त्यानं सारं सांगतलं, झटका काय राह्यते, बरगड्या काहून मोडते, चंदाचा काई दोष नाई. ती सारं आइकत राह्यली. मंग म्हनाली, "तुमच्या पोत्यावर दाबाचं होतं साहेब. मानसावर काहून दाबलं?"

डाक्टर बाहीर आला. चतुराबाई पारावर बसली होती. तो तिच्या बाजूले जाऊन बसला, खालीच.

"म्या म्हनलं होतं ना साहेब, चंदीले वरची गल्ली द्या."

"म्हटलं होतं."

"वरच्या गल्लीत तिचं कोनी लागत नाई. तिथले मानसं तिले भावासारखे. तिथली सखू अथी आली असती त तिनं घडीभर इचार नसता केला. महादेवराव तिचा कोन?"

डाक्टर तिच्या तोंडाकडं पाहात राह्यला. त्याले तवा समजलं. फोनवर चंदा काय सांगून राह्यली होती, थे त्याले चौदा दिसानं समजलं.

"तुम्ही कारण का नाही सांगितलं, चतुराबाई?"

"साहेब, तुमी एवढे शिकलेले. आमाले वाटलं तुमाले माईत असन, अन् माईत असून म्हनून राह्यले, त म्हना बापा, शहरातली रीत असन." अन् मंग हयूच म्हनाली, "असं मानसासमोर कसं सांगाचं, का भासऱ्याले हात लावाले लाज वाटते? सांगतलं का लाज गेली ना."

घरी येऊन त्यानं कुंदाले सांगतलं. कुंदा भाजी निवडून राह्यली होती. तिचे हात थांबले.

"माझी आजी तिच्या भासऱ्यांसमोर कधी आली नाही. ते वारले तेव्हा तिनं पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. आम्हाला कौतुकानं सांगायची." तिनं भाजी बाजूले सारली. "मला तरी विचारायचंस, रविकांत. तीस वर्षं तुझ्या घरात राहतेय मी."

तो रात्रभर जागला नाई, काई नाई. सकायी उठून हाफिसात गेला, सावरझरीचा पुठ्ठा काहाडला, अन् नावं बदलले. हिची गल्ली तिले, तिची हिले. अर्धा घंटा लागला. एक्केचाळीस गावाचे नकाशे त्यानं दोन दिसात सुधारले. एवढंच काम होतं थे. दोन दिसाचं.

पर थैल्या वापस याले लागल्या होत्या. गावोगावच्या बाया याच्या अन् टेबलावर लाल थैली ठेवाच्या. कोनी म्हने घरी बाळंतीन हाय, कोनी म्हने कंबर धरली, कोनी म्हने मालकाले आवडत नाई. एकीनं मात्र तोंडावर सांगतलं, "साहेब, चंदीचं झालं थे आमाले नाई पाह्यजे. मेला त देवानं नेला असं म्हनतीन, आमी हात लावला त आमी मारला म्हनतीन." त्यानं सुधारलेला नकाशा तिच्यासमोर ठेवला. तिनं पाह्यला, मान डोलवली. "आता बरोबर हाय," म्हनाली, अन् थैली तितंच ठेवून गेली.

नवीन पद्धतीनं त्यानं बैठक बलावली, मोठ्या गावात, चहा-पोह्यासकट. चार बाया आल्या. त्यातल्या दोघी नातवायच्या डोसासाठी आल्या होत्या.

तरीबी तो जाये. जीप घेऊन, पोतेरावले मांगं बसवून. पोट्टे भवताल जमत. तो पोतेरावले उतरवे, निजवे, दहा बोटं दाखवे. पारावरचे म्हातारे म्हनत, "सांगा साहेब सांगा, तुमची नौकरी हाय." मंग हयूहयू बोटं दाखवनंबी बंद झालं. सदऱ्याच्या खिशात हात घालून तो नुसताच उभा राहे.

नौकरी सरली. हार झाले, नारय झाला, शाल झाली. कोनी भाषनात एक्केचाळीस गावाचं नाव काहाडलं, लोकायनं टाया वाजवल्या. जाता जाता तो भांडाराच्या खोलीत पोतेरावले घ्याले गेला. उंदरायनं छाती फाडली होती, कापसात पिल्लं घातले होते, गुलाबी, डोये न उघडलेले. भांडारवाला झाडू घेऊन आला. "राहू दे," डाक्टर म्हनाला, अन् दार ओढून घेतलं.

पुढच्या पौष महिन्यात एक दिवस त्यानं कुंदाले न सांगता अकोल्याहून मूर्तिजापूरची गाडी धरली. चंदाचा पत्ता चतुराबाईनं देल्ला होता. ठेसनाच्या मांगं, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे जुने रूय गवतात बुडाले तिकडं, एक खोली. चंदा पोरींच्या वसतिगृहात सैपाक करे अन् दुपारची घरी ये. दार उघडलं त ती थोडी थबकली, मंग डोक्यावर पदर घेतला.

"या साहेब. बसा."

तो खाटेवर बसला, ती भुईवर. तिच्या मनगटावर थे घड्याय होतं. थोडा वेय आकांक्षाचं बोलनं झालं, परीक्षेचं, सैपाकाचं.

"चंदा, मी माफी मागायला आलो. मी फोनवर जे बोललो ते..."

"जाऊ द्या साहेब." अन् लगेच, जसं काई वर्सभर तिनं हे तोंडात धरून ठेवलं होतं, "एक इचारू?"

"विचार."

"मी चार मिनिटं उभी होतो. घड्याय पाह्यलं होतं, तुमीच सांगतलं होतं आंधी घड्याय पाहाचं. त्या चार मिनिटात म्या पयल्यांदा त्यायचं तोंड पाह्यलं. त्यायच्या कपायावर मस होता, मले माईतच नोतं." तिनं घड्यायाचा पट्टा घट्ट केला. "चार मिनिटं म्या घालवले नसते, त वाचले असते का थे?"

तीस वर्सात डाक्टर कोन्याच पेशंटच्या मानसाशी खोटं बोलला नोता. बाकीच्यायलेबी शिकवे, का खरं सांगाचं, हयू सांगाचं, पर खरं.

"नाही, चंदा," तो म्हनाला. "फार मोठा झटका होता. पहिल्या मिनिटाला हात ठेवला असतास तरी गेलेच असते."

चंदानं आइकलं. मंग तिनं दोन्ही पंजे समोर धरले, दहाई बोटं पसरलेले, जसा तो धरे. चार बोटं मोडले.

"सहा जयत होते साहेब."

तो खाली पाहाले लागला. बाहीर कोनाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मंग डाक्टर बोलला.

"माझे वडील बसस्टँडवर पडले, ते मी तुम्हाला सांगायचो. मी उतरलो तेव्हा सगळं झालं होतं म्हणायचो. खोटं आहे ते. मी उतरलो होतो. माझी पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि माझ्यासमोर पडले. मला येत होतं, चंदा. तेवढं मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. लोक कांदा आणत होते, मी बघत होतो. वडिलांच्या छातीवर हात... माझा हात उठला नाही."

"किती मिनिटं?"

"घड्याळ पाहिलं नाही."

चंदा त्याच्याकडं पाहात राह्यली, डोक्यावरचा पदर घसरला होता थेबी तिच्या ध्यानात नाई आलं. आवाजात राग नोता. राग असता त डाक्टरले बरं वाटलं असतं.

"मंग तुमाले त माईत होतं साहेब, हात उठत नाई थे. तीन दिस शिकवलं आमाले. कोपर कसं ठेवाचं, मोजाचं कसं, पानी काहून नाई पाजाचं. सारं सांगतलं. हे एक काहून नाई सांगतलं? म्हनले असते, बायाहो, असं होते, घरच्या मानसावर हात उठत नाई, मले झालं होतं. त मीबी म्हनलं असतं ना, साहेब, मले वरची गल्ली द्या."



चंदानं डोक्यावर पदर घेतला अन् मनगटावरचं घड्याय पाह्यलं. "साडेचारची गाडी हाय तुमची. आता निंगा, नाई त चुकन."

तो उठला नाई. साडेचारची गाडी आली, थांबली, गेली. खोलीत गाडीचा आवाज चांगला आइकू ये. तो तितंच खाटेवर बसून होता, दोन्ही हात मांडीवर, अन् चंदा त्याच्यासमोर भुईवर.